चौथ्या मुलीचा क्रमांक
(वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेलं भाषण)



गेल्या वर्षी मेळावा संपल्यावर जेवणाच्या रांगेत एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "बाई, आम्ही पैसे पाठवतो ते मुलींच्या जेवणाला आणि वह्यापुस्तकांना. बातमीपत्रात बघावं तर तुमच्या मुली पळताना दिसतात. हे पळणं मध्येच कुठून आलं?" त्यांच्या हातात ताट, माझ्या हातात ताट, मागून रांग पुढे सरकत होती. मी "पुढच्या वर्षी सांगते" म्हणाले आणि वरणाकडे वळले. काका आज दुसऱ्या ओळीत बसलेत, तेव्हा आता सुटका नाही.

आमचं वसतिगृह नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात आहे. सुरत-भुसावळ रेल्वेनं गेलात तर नवापूर स्टेशन लागतं, त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. आमच्या लोकांचं आयुष्यही तसंच, दोन्हीकडे विभागलेलं. पावसाळ्यात घरचा भात, तूर. दिवाळी झाली की घराला कुलूप आणि ऊसतोडीला गुजरात. आईबाप गेले की मुलंही जातात. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उसाच्या फडाच्या कडेला बसते आणि तिची शाळा तिथंच संपते. ती मुलगी मागे राहावी म्हणून वसतिगृह आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याच पैशानं ते चालतं.

पळणं आलं ते असं. सहा वर्षांपूर्वी शाळेतून निरोप आला की स्पर्धेला मुली पाठवायच्या आहेत आणि सोबत जायला बाईमाणूस नाही. क्रीडाशिक्षकाची जागा तेव्हा रिकामी होती. मी गेले ती पाण्याच्या बाटल्या आणि चपला सांभाळायला. शिट्टी झाली आणि आमच्या पाचही मुली सशासारख्या सुटल्या. पहिल्या पाचशे मीटरला पहिले पाच नंबर आमचे! मी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवतेय. एक किलोमीटरला पाचही जणी कमरेवर हात ठेवून उभ्या. दोघी उलटी करत होत्या. परतीच्या जीपमध्ये एकीनं मला विचारलं, "ताई, आपल्याला पळता येतं ना?"

पळता येत होतंच. डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या पोरी त्या. त्यांना हळू पळायला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मलाही ते येत नव्हतं. सेमिनरीत मी पौलाची पत्रं शिकले, थोडी ग्रीक शिकले, स्टॉपवॉच काही हातात धरलं नव्हतं.

मग मी वाचायला लागले, आणि मला आयर्लंडचे ब्रदर कॉल्म ओ'कॉनेल सापडले. 1976 साली ते केनियातल्या इटेन गावी, सेंट पॅट्रिक्स नावाच्या मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायला गेले. धावपटू नव्हते, प्रशिक्षकही नव्हते. मुलांबरोबर मैदानावर उभे राहिले, बघत राहिले, आणि तिथंच राहून गेले. त्या शाळेचा पीटर रोनो 1988 च्या सोल ऑलिम्पिकला 1500 मीटरमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. पुढं त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या डेव्हिड रुडिशानं 2012 मध्ये लंडनला 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. मला धीर आला तो पदकांनी नाही. भूगोलाच्या मास्तरला जमलं तर आपणही सुरुवात करून बघू, एवढाच धीर.

आणि आपल्या जवळची गोष्ट हवी तर नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आहेच. आमच्या मुलींसारखीच आदिवासी पाड्यावर वाढलेली, सुरुवातीला अनवाणीच पळणारी. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य. तिचं वर्तमानपत्रातलं चित्र आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलंय. धुरानं आता तपकिरी झालंय.

आमची पद्धत साधी आहे. पहाटे साडेपाचला उठायचं. आधी मूठभर भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा. (पहिलं वर्षभर मी त्यांना उपाशीपोटी पळवत होते, देव मला क्षमा करो.) मग पाझर तलावाच्या बांधावरून, शेताच्या कडेनं, सागाच्या जंगलापर्यंत आणि परत. नियम एकच: पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं तर वेग जास्त झाला. मुलींना हा नियम फार आवडला, कारण सकाळी गप्पा मारायला परवानगी मिळाली. आठवड्यातून दोनदा टेकडी. रविवारी विश्रांती. चार महिन्यांत त्या न थांबता पाच किलोमीटर जाऊ लागल्या. बांधावरून त्यांच्या हसण्याचा आवाज आधी यायचा आणि मग मुली दिसायच्या.

आता क्रॉसकंट्री म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ही शर्यत मैदानातल्या आखलेल्या पट्ट्यांवर नसते. चढ, उतार, नांगरट, चिखल, गवत, जे असेल त्यावरून पळायचं. आणि ती संघाची असते. जागतिक स्पर्धेत एका संघाचे सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक धरले जातात. चौघांच्या क्रमांकांची बेरीज करायची, ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकला. आमच्या जिल्ह्याच्या शर्यतीलाही हाच हिशेब होता. म्हणजे एक मुलगी पहिली आली आणि चौथी मुलगी साठावी आली, तर पहिलीचा काही उपयोग नाही. करिंथकरांस लिहिताना पौलानं जी शर्यत सांगितली तिच्यात बक्षीस एकालाच मिळतं. करिंथजवळ इस्थमसचे खेळ व्हायचे, तिथलं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं असणार. क्रॉसकंट्री त्यानं पाहिली असती तर काय लिहिलं असतं, असं मला कधी कधी वाटतं. हा प्रश्न परीक्षेत विचारला असता तर मी नापास झाले असते, ते सोडा.

तर आमची चौथी मुलगी.

ती नववीत होती. तिचं नाव सांगत नाही, तिनं तशी अट घातलीय. अंगानं किडकिडीत, बोलणं कमी, सपाटीवर छान पळायची. टेकडी आली की मागे पडायची. पाय दुखतात म्हणायची. थंडीत कमी दुखायचे, उन्हात जास्त. मी तिला समजावलं, मग रागावले, आणि एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला दुखत नाही, तुला कंटाळा येतो." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी टेकडीला सगळ्यांच्या पुढं होती. मला वाटलं, माझं बोलणं लागू पडलं.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा सुरू झाली, म्हणून सराव सकाळचा संध्याकाळी चार वाजता नेला. ऑक्टोबरमधलं आमच्याकडचं चार वाजताचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. मी त्यांना टेकडीवर सहा वेळा चढायला लावलं, मध्ये फारसं थांबू न देता, कारण जानेवारीत शर्यत होती आणि मला घाई झाली होती. पाण्याचा हंडा खाली झाडाखाली ठेवलेला. चौथ्या चढाला ती खाली बसली. पडली नाही, बसली. मला वाटलं पेटका आला असेल. पण पेटका आला की पोटरी दगडासारखी होते आणि मूल ओरडतं. तिची पोटरी मऊ होती. ती शांतपणे म्हणाली, "ताई, पाय माझे राहिले नाहीत."

मी तिला उचललं. ती माझ्याशी बोलत होती, भान होतं, पण ओठ पांढरे पडत चालले होते. एक ट्रॅक्टर जात होता, त्याच्या ट्रॉलीत घालून रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, ऑक्सिजन दिला, आणि मला पहिला प्रश्न विचारला: "हिची सिकलसेल तपासणी झालीय का?"

बंधुभगिनींनो, सिकलसेलचं पोस्टर आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात लावलेलं आहे. मी स्वतः लावलंय. चौदा वर्षं मी या भागात काम करते, आरोग्य शिबिरांत रांगा लावते. पोस्टरखाली मुली चपला काढतात आणि मी त्यांची हजेरी घेते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्या ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हे आईबापांकडून येतं. दोघांकडून आलं तर आजार, एकाकडूनच आलं तर माणूस वाहक. वाहक माणूस बहुधा ठणठणीत असतो, जन्मभर कळतही नाही. पण कडक ऊन, पाणी कमी आणि न थांबता जिवाच्या आकांतानं केलेले श्रम, ही तिन्ही एकत्र आली तर वाहकाच्याही स्नायूंत तेच होऊ शकतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अमेरिकेत कॉलेजच्या एका फुटबॉल खेळाडूचा असाच मृत्यू झाल्यावर तिथं वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंची ही तपासणी 2010 पासून होऊ लागली. आमच्या भिल्ल, पावरा, मावची लोकांमध्ये हे पुष्कळ आहे. ऊन, तहान आणि चढ, तिन्ही मी तिला एका संध्याकाळी दिले होते.

ती वाचली. तीन दिवसांनी जेवायला लागली. तपासणीत वाहक निघाली.

मग आम्ही सगळ्या मुलींचं रक्त तपासून घेतलं. सरकारनं 1 जुलै 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे, त्यामुळे पैसे लागले नाहीत. आधी साधी चाचणी, त्यात संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस. अनेक वाहक निघाल्या. आणि एक मुलगी, जी कधीच पळत नव्हती, स्वयंपाकघरात भाकरीच्या परातीपाशी बसून असायची, जिचे सांधे थंडीत सुजायचे, तिला प्रत्यक्ष आजार निघाला. दोन वर्षं आम्ही तिच्या गुडघ्यांना बाम चोळत होतो आणि रात्रीच्या प्रार्थनेत तिचं नाव घेत होतो. बामही लावला, प्रार्थनाही केली, रक्त तेवढं तपासलं नाही. आज ती रोजच्या गोळ्यांवर आहे आणि गेल्या हिवाळ्यात फक्त एकदा दवाखान्यात राहावं लागलं. काका, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. मुली पळत नसत्या तर आम्हाला हिचं कळलं नसतं.

माझ्या चौथ्या मुलीची आई तपासणीचा कागद बघायला आली. तिला वाचता येत नव्हतं. मी समजावलं. तिनं एकच विचारलं, "मग हिचं लग्न?" मी सांगितलं, होईल, फक्त मुलाचंही रक्त आधी बघायचं. तोही वाहक असला तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आईनं चार बोटं धरली, एक मिटलं, आणि कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत बसली. तिची दोन मुलं लहानपणी गेलेली होती. कशानं, ते कुणी तपासलं नव्हतं.

मी मुलीची माफी मागितली. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर, सकाळी बांधावर. ती लाजली. म्हणाली, "मला कधी परत पळायला घेणार?" डॉक्टरबाईंनी डिसेंबरमध्ये परवानगी दिली, अटींसह. वेग तिचा तिनं ठरवायचा. चढावर वाटलं तर चालायचं. पाणी आधी, मध्ये आणि नंतर. ऊन चढल्यावर नाही, ताप-खोकला असताना नाही. आणि पाय जड झाले की त्या क्षणी थांबायचं, कुणाला विचारायचं नाही. मलाही नाही.

शर्यत जानेवारीत, रविवारी सकाळी. या शर्यती रविवारीच असतात. आमच्या मंडळीतल्या वडीलजनांनी विचारलं, उपासनेचं काय? त्यांचं विचारणं बरोबर होतं. कुणीतरी एरिक लिडेलचं नाव काढलं. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो रविवारी धावला नाही, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो. पण त्याची पुढची गोष्ट कमी सांगतात. चीनमध्ये मिशनरी असताना जपान्यांनी त्याला कैदेत टाकलं. त्या छावणीतल्या मुलांचे खेळ तो घ्यायचा. रविवारी खेळ नाही, हा त्याचा नियम तिथंही होता. मुलं रविवारी आपली आपण खेळायला लागली आणि त्यांच्यात मारामारी झाली, तेव्हा तो स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. 1945 मध्ये त्याच छावणीत तो वारला. आमच्या पाळकसाहेबांनी हे ऐकलं आणि आदल्या रात्री, शनिवारी, वसतिगृहात उपासना घेतली. सगळ्यांना पटलं असं नाही. दोन कुटुंबं अजून थोडी नाराज आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

सकाळी धुकं होतं, थंडी होती. माझ्या दृष्टीनं उत्तम हवा. आमच्या सहा जणी. त्यातली सर्वांत वेगवान मुलगी खरं तर यायची होती, पण नोव्हेंबरात तिचे वडील येऊन तिला ऊसतोडीला घेऊन गेले. आजी वारली होती, धाकट्यांना सांभाळायला कुणी नव्हतं. तिच्या जागी आठवीतली नवखी. आणखी एकीचा बूट पहिल्याच चिखलात रुतला. ती बूट काढत बसली, आणि तिचा क्रमांक गेला. म्हणजे मोजायच्या चौघींमध्ये माझी चौथी मुलगी आली.

तीन किलोमीटरची फेरी, मध्ये एक टेकडी. मी टेकडीच्या निम्म्यावर उभी होते. आजूबाजूला इतर शाळांचे मास्तर ओरडत होते, "जोर लाव! धर तिला! सोडू नको!" माझ्या पहिल्या तिघी गेल्या. मग ती आली, तोंड लाल, डोळे माझ्यावर. तिच्यापुढं पंधरा-वीस पावलांवर तीन मुली होत्या, दमलेल्या, दिसत होतं. ती त्यांना गाठू शकली असती. तिलाही ते दिसत होतं. त्या सगळ्या आरडाओरड्यात मी एकटी ओरडत होते, "हळू! हळू!" शेजारचे मास्तर वळून माझ्याकडे बघायला लागले.

तिनं दात आवळले, आणि ती चालायला लागली. माथ्यापर्यंत चालत गेली. पलीकडच्या उतारावर पुन्हा पळाली.

आमचे क्रमांक आले चौथा, नववा, तेरावा आणि बाविसावा. बेरीज 48. तिसऱ्या संघाची बेरीज 46. आमचा संघ चौथा. पदकं तीन संघांना. त्या तिघींना मागं टाकून ती एकोणिसावी आली असती तर आमची बेरीज 45 झाली असती. हे गणित मी जीपमध्ये बसायच्या आधीच तिनं बोटांवर केलं होतं.

परतीच्या वाटेवर ती माझ्याशी बोलली नाही. पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिली. बाकीच्या मुली मागे गाणी म्हणत होत्या, त्यांना पदकाचं फार वाटलं नव्हतं, वाटेत भजी मिळाली होती. मी दोनदा काहीतरी बोलायला गेले आणि गप्प राहिले. देणगीदारांना काय कळवायचं, हाही विचार डोक्यात होता, खोटं कशाला सांगू. पदकाचा फोटो बातमीपत्रात बरा दिसतो. मला ते पदक हवं होतं. आजही हवंय.

सोमवारी सकाळी साडेपाचला मी बांधावर गेले. विश्रांतीचा दिवस दिला होता, कुणी येणं अपेक्षित नव्हतं. ती बसलेली होती, शेजारी पाण्याची बाटली. म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी टेकडीच्या आधीच त्यांना मागं टाकते. सपाटीवर. मग चढ चालत गेले तरी चालेल ना?"

सहा वर्षांत मला न सुचलेली युक्ती. मी म्हणाले, डॉक्टरबाईंना विचारू. विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार करून होकार दिला, त्याच सगळ्या अटींवर. ती आता दहावीत आहे. सराव सपाटीवर चाललाय, बोलता येईल अशा वेगानं, आणि हंडा आता खाली झाडाखाली नसतो, दर पाचशे मीटरला एक कळशी असते. टेकडीला आम्ही दोघी चालत चढतो. माझ्या वयाला ते बरंच पडतं.

आता प्रार्थनेचे विषय आणि गरजा, मग मी बसते. आजार असलेल्या त्या मुलीसाठी प्रार्थना करा, हिवाळा जवळ आलाय. ऊसतोडीला गेलेली मुलगी एप्रिलमध्ये परत आली, पण वर्ष वाया गेलं. तिला पुन्हा आठवीत बसवलंय, तिचं मन लागावं म्हणून प्रार्थना करा. दहावीच्या सात जणींसाठी करा. आणि काका, जेवणाच्या पैशातून आम्ही बूट घेत नाही. बुटांसाठी वेगळी पेटी आहे, ती दाराजवळ ठेवलीय. वापरलेले चालतील, टाच झिजलेली नको. मुलींचे नंबर तीन, चार आणि पाच. मागच्या वेळी कुणीतरी प्रेमानं अकरा नंबरचा एक जोड पाठवला होता. तो अजून आमच्याकडे आहे. त्यात आम्ही पुदिना लावलाय.